वाऱ्याला आडवं

रायपूरजवळच्या सिलतऱ्यात, लोखंड बनवणाऱ्या एका स्पंज आयर्न कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. म्हणजे माणूस कशाकशाने मरू शकतो, याचा विचार करण्याचा मला पगार मिळतो. बाकीचे लोक हा विचार फुकट करतात आणि तोही स्मशानातून परतताना. मी सकाळच्या पहिल्या पाळीपासून करतो. कामगारांना रोज उभं करून सांगतो: भट्टीत पडाल, पट्ट्यात अडकाल, राखेच्या तळ्यात रुताल, वायूने गुदमराल, आता जा, हसतमुखाने काम करा.

पंच करताना ही सवय गेटवर ठेवून घरी येता येत नाही. आमच्या घरात कुकरची शिटी व्हायला लागली की सगळे एक पाऊल मागे सरतात. आमच्या मुलीच्या, साक्षीच्या वाढदिवसाला केकवर मेणबत्त्या लागण्याआधी मी शेजारी वाळूची बादली ठेवतो. कॉलनीच्या फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली आमच्या कुटुंबाचा असेंब्ली पॉइंट आहे. काही झालं की पळून तिथे जमायचं. बारा वर्षांच्या साक्षीला पाढे येण्याआधी हे येत होतं. वायू सुटला तर तो वाऱ्यासोबत जातो, म्हणून आधी वारा पाहायचा आणि वाऱ्याला आडवं पळायचं. चिखलात किंवा राखेत रुतलो तर हातपाय मारायचे नाहीत, आडवं व्हायचं. मला या गोष्टीचा फार अभिमान होता.

तो अभिमान शाळेच्या पालकसभेत उतरवला गेला. बाई म्हणाल्या, "मेश्रामजी, साक्षी हर चीज़ से डरती है. सायकल पे नहीं बैठती, स्विमिंग कैम्प को मना कर दिया, झूले पे भी नहीं चढ़ती." मी मान हलवली, जणू हा शेजारच्या मुलाचा विषय आहे. माझी बायको रीना स्कूटरवर सदर बाजार पार होईपर्यंत बोलली नाही, आणि सदर बाजारात मागे बसलेली बायको एकाही दुकानाकडे न पाहता गप्प बसते, तेव्हा ते प्रकरण कारखान्याच्या कोणत्याही सायरनपेक्षा गंभीर असतं.

घरी आल्यावर सायरन वाजला.

"पोट्टीच्या डोक्यात सारं तुम्हीच भरून ठेवलं. ती काहून घाबरते? तुम्ही घाबरता म्हणून."

"मी? मी तिले सावध केलं. घाबरवलं नाही."

"फरक काय आहे त्यात?"

फरक मला माहीत होता. कारखान्यात त्यावर माझं अर्ध्या तासाचं भाषण आहे. पण रागात माणूस भाषण विसरतो. मी म्हणालो, "घाबरते कोण? दिवाळीच्या सुट्टीत तिले ओडिशाले नेतो. समुद्राकाठच्या खारफुटीच्या जंगलात. खऱ्या मगरी दाखवतो, हाताच्या अंतरावरून!"

कोपऱ्यात गृहपाठ करणाऱ्या साक्षीने मान वर केली. तिचा शाळेचा प्रकल्प खाऱ्या पाण्यातल्या मगरींवर होता, आणि भिंतीवर तिने त्यांचं चित्रही चिकटवलं होतं. "सच्ची, पापा?" तिने विचारलं. आमची मुलगी मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. त्या 'सच्ची'ला कोणत्याच भाषेत नाही म्हणता येत नव्हतं.

आता खरी गोष्ट सांगतो. मला पाण्याची भीती वाटते. साधीसुधी नाही. बुढ्ढा तालाबात पायडल मारायच्या नावा आहेत, त्यात दोन वर्षांची लेकरं हसत बसतात. मी काठावर भेळ खातो आणि म्हणतो, कोणीतरी सामान सांभाळायला पाहिजे. हे आजवर घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, असं मी धरून चालत होतो. आणि आता मी ठरवलं होतं काय, तर जिथे पाणी आहे, आणि पाण्यात मगरी आहेत, तिथे नावेत बसून पोरीसमोर निर्भय चेहरा करायचा. माझ्या तोंडावर तिला भीती दिसली, तर ती जन्मभर काठावर भेळ खात बसेल. एवढं एकच मला होऊ द्यायचं नव्हतं.

आईने संध्याकाळपर्यंत कॉलनीला कळवलं. शेजारचे नीलकंठराव लगेच आले. ते सिंचन विभागातून निवृत्त झालेले. पूर्ण नोकरी धरणाच्या कचेरीत काढल्यामुळे पाण्यातल्या प्रत्येक प्राण्याविषयी त्यांना अधिकाराने बोलता येतं.

"मेश्राम भाऊ, मगर मांगं लागली तर सरळ पळाचं नाही. नागमोडी पळाचं. तिले वळता येत नाही."

"तुम्ही पाहिलं?"

"पाहाचं काय त्यात? आणि पायात गमबूट घाला. मगर पहिले पायच पकडते. गमबूट घिऊन जाते, पाय राहून जाते."

वरच्या मजल्यावरच्या यामिनीदीदी जिन्यातूनच म्हणाल्या, "भैया, बीमे में नॉमिनी तो डाला है ना?" त्यांनी हे इतक्या प्रेमाने विचारलं की मला दोन रात्री झोप लागली नाही.

कारखान्यात रजेचा अर्ज संगणकावर भरावा लागतो. कारणांत विवाह, आजारपण, मृत्यू आणि इतर एवढेच पर्याय आहेत. मी 'इतर' निवडलं, तर यंत्र म्हणालं, स्पष्ट करा. मी लिहिलं, 'मगर पाहणे.' अर्ज परत आला. 'कौटुंबिक मगर पाहणे' असं लिहिलं, तोही परत आला. शेवटी मोठ्या साहेबांनी बोलावून विचारलं, "धर्मपाल, जोखीम मूल्यांकन केलं काय?" ते थट्टा करत होते. मी करून ठेवलं होतं, त्यांना दाखवलं. ते वाचून साहेबांनी रजा मंजूर केली आणि उठून हात मिळवला, आणि तो हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

माझी आई कलावती हिने 'मी बी येतो' म्हटलं तेव्हा तिची पिशवी भरूनच झाली होती. पिशवीत सुकट होती. वाळलेले झिंगे लसणासोबत कुटून केलेली चटणी. डबा बंद असला तरी गाडीच्या शेजारच्या डब्यातल्या माणसाला कळावं असा तिचा वास.

"आई, आपण समुद्राकाठी जाऊन राहिलो. मच्छी तिकडूनच इकडे येते."

"हव. पण इकडे येईस्तोवर वाळते ना. तिकडच्या ओल्या मच्छीचा काय भरोसा?"

असे आम्ही चौघं निघालो: रायपूरहून समुद्राला सुकट नेणारं बहुधा पहिलं कुटुंब. गाडीत रात्रभर मी डोळे मिटून निर्भय चेहऱ्याचा सराव केला. समोरच्या बर्थवरच्या बाईंनी रीनाला विचारलं, "इनको पेट में दर्द है क्या?"

अभयारण्याच्या फाटकाशी पोचलो तेव्हा हवेत खारट कुजका वास होता आणि एका पाटीवर उघड्या जबड्याचं चित्र. अभय नेमकं कोणाला, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

खिडकीवरच्या बाबूने ओळखपत्रं मागितली आणि आईच्या कार्डावर अडला. बुकिंग कलावती मेश्रामचं, आणि कार्डावर कलाबाई.

"ये तो कलाबाई हैं. कलावती कहाँ हैं?"

"मीच कलावती, मीच कलाबाई. एक माहेरचं, एक सासरचं," आई म्हणाली.

"माताजी, नाव में एक ही सीट है."

बाबूने साहेबांना फोन लावला. रेंज नव्हती. रेंजसाठी तो झाडाखाली गेला, झाडावरच्या माकडांनी तेवढ्यात खिडकीतला त्याचा डबा पळवला, आणि त्या दुःखात आमची कलाबाई कलावती म्हणून मंजूर झाली. मग फाटकावरच्या गार्डने पिशव्या उघडल्या. सुकटीचा डबा उघडताच त्याने मान मागे घेतली.

"मछली अंदर नहीं जाएगी. जानवर आ जाते हैं."

आई एवढ्या आज्ञाधारकपणे डबा घेऊन कचराकुंडीकडे गेली की मलाच भरून आलं. ती रिकाम्या हाताने परत आली. एवढ्या वर्षांत आईने माझा एक तरी सुरक्षा नियम पाळावा म्हणून मी झटलो होतो, आणि इथे एका परक्या गार्डने तो पाळायला लावला.

गार्डची पुढची नजर माझ्या अंगावर गेली. पायात नीलकंठरावांच्या सल्ल्याचे गमबूट होते, आणि अंगात कारखान्याचं नारिंगी जाकीट, चमकत्या पट्ट्यांचं. पाण्यात पडलोच तर शोधायला सोपं जावं, हा हेतू. "ये क्या, रेलवे में हो? भड़क कपड़ा मना है." मी तडजोड म्हणून जाकीट उलटं घातलं. आतलं मळकं अस्तर बाहेर आलं, आणि माझ्या पदाची उरलीसुरली शान आत गेली.

मग नाव आली. नाव कसली, मोठ्या पाण्यावर ठेवलेली बाकं. आमच्यासोबत दुर्गचं एक नवविवाहित जोडपं होतं आणि एक जाडजूड व्यापारी गृहस्थ. मी पाय ठेवला आणि नाव हलली. अशा वेळी माणूस देवाचं नाव घेतो. आमच्या घरी बुद्धवंदना म्हणतात. पण माझ्या तोंडून सवयीने निघालं ते कारखान्याचं रोजचं भाषण.

"भाइयो और बहनो, काम शुरू करने से पहले खतरे समझ लें. नाव पलट सकती है. पलटी तो पहले दो मिनट में..." मी सुरू झालो आणि थांबता येईना. नाव कोणत्या बाजूला उलटते, मगर माणसाला पाण्याखाली नेऊन कशी गोल फिरवते, जाकिटाचा पट्टा सैल असेल तर काय होतं, चिखलात कोण कसं रुतलं. साक्षी शेजारी उभी राहून प्रत्येक वाक्याचा शेवट माझ्याआधी ओठांत पुटपुटत होती. "दलदल में फँसे तो..." मी म्हणालो, आणि ती म्हणाली, "लेट जाओ." भाषण संपलं तेव्हा नवी नवरी रडत होती. व्यापारी गृहस्थ उतरले, काठावर विचार केला, पैसे परत मिळणार नाहीत हे ऐकून पुन्हा चढले. नावाडी माझ्याकडे पाहून ओडियात काहीतरी म्हणाला. भाषांतर करायला कोणी पुढे आलं नाही.

खाडी अरुंद होत गेली. दोन्ही बाजूंना खारफुटीची झाडं, त्यांची मुळं चिखलातून हजारो बोटांसारखी वर आलेली. निळे खंड्या पक्षी उडत होते, लाल खेकडे बिळांत पळत होते, आणि काठावर एक ओंडका पडला होता. ओंडक्याने डोळा उघडला.

मी आजवर भट्टी फुटताना पाहिली आहे. क्रेनची साखळी तुटताना पाहिली आहे. पण त्या डोळ्यात जे होतं ते नव्हतं पाहिलं: घाई नव्हती. जबडा हळू उघडला. मी दोन्ही हातांनी नावेचा लोखंडी खांब धरला आणि ठरल्याप्रमाणे हसलो. ते हसू तिथेच अडकून बसलं.

"पापा, देखो! सत्रह फीट की होगी!" साक्षी कठड्यावर वाकली. मी एक हात सोडवून तिचा फ्रॉक मागून घट्ट पकडला.

"घाबरू नको, बेटा. घाबरू नको. बिलकूल घाबरू नको."

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. अडकलेल्या हास्याकडे, खांबाला मिठी मारलेल्या हाताकडे. मग कठड्यावरून मागे येऊन ती माझ्या शेजारी बसली. "ठीक है पापा. मुझे भी डर लग रहा है. नहीं देखती."

मला वाटलं, संपलं. एवढा खटाटोप करून पोरगी आणखीच घाबरली. सायकलची, पाण्याची भीती होतीच, आता त्यात मगरीची भर पडली.

पुढे नाव एका लाकडी धक्क्याला लागली. तिथून चिखलावर उभारलेला फळ्यांचा पूल झाडीतून मनोऱ्याकडे जात होता. फळ्यांवर पाय लागल्याने माझ्या जिवात जीव आला. मी साक्षीचा हात धरून चालू लागलो. रीना आणि आई मागे. आम्ही मनोऱ्यापाशी पोचतो न पोचतो तोच गार्डने धक्क्यावरून लांबलचक शिटी मारली. भरती चढायला लागली होती आणि माणसांना परत बोलवायचं होतं. एवढंच.

पण आमच्या कारखान्यात लांब शिटी म्हणजे वायू सुटला.

मी विचार केला नाही. मेंदूपर्यंत ती शिटी गेलीच नाही. कानातून थेट पायात उतरली. मान वर गेली. धक्क्यावर झेंडा होता, तो समुद्राकडून जंगलाकडे फडफडत होता. वारा समजला. वाऱ्याला आडवं म्हणजे डावीकडे. "असेंब्ली पॉइंट!" मी ओरडलो, आणि पुलावरून डावीकडे चिखलात उडी घेतली. वर नीलकंठरावांचा सल्लाही आठवला असावा, कारण पहिली काही पावलं मी नागमोडी टाकली असं रीना सांगते. बाकीचे प्रवासी शहाण्या माणसांसारखे पुलावरून नावेकडे वळले.

मांडीपर्यंत रुतल्यावर मी भानावर आलो. माझा उजवा हात रिकामा होता. त्या हातात साक्षीचा हात होता आणि मी तो सोडून पळालो होतो.

मी मान वळवून तिला शोधू लागलो. मुळांमधून पाणी आत येत होतं, अगदी शांतपणे. आणि पाण्याच्या कडेने, माझ्याकडे तोंड करून, ते येत होतं. काळपट, खवल्यांचं, माणसाएवढं लांब. जीभ बाहेर काढत, आत घेत. ते सरळ येत होतं, अगदी माझ्या घरचा पत्ता घेऊन निघाल्यासारखं. एवढ्या मोठ्या जंगलात मीच का, एवढं विचारायचंही भान मला राहिलं नव्हतं. मी हातपाय मारू लागलो आणि कमरेपर्यंत गेलो.

"पापा. हिलना नहीं."

साक्षी पुलाच्या कडेला पालथी पडली होती. तिचा आवाज शांत होता, जरा अधिकारी, आणि मला तो ओळखीचा वाटला. तो माझा होता. सकाळच्या पाळीचा.

"साँस लो. अब पीछे लेट जाओ. पूरा. हाथ फैलाके."

"साक्षी, मगर..."

"बाद में, पापा. पहले लेटो."

मी आडवा झालो. बुडणं थांबलं. कामगारांना हे मी किती वेळा शिकवलं, पण खरंच थांबतं हे मला तेव्हा कळलं. तिने रीनाची ओढणी मागून माझ्याकडे फेकली. मी टोक पकडलं. पण तो प्राणी आता पायांपाशी होता, त्याची जीभ मला दिसत होती, आणि मी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात पुलावरून आईचा आवाज आला, सगळ्या जंगलाने ऐकावा असा. "जाकीट फेक रे धर्मा! जाकीट! खिशात सुकट आहे!"

आईने डबा टाकला होता. सुकट नव्हती टाकली. पुडी बांधून आणली आणि मी जाकीट उलटं करत होतो तेव्हा त्याच्या खिशात सरकवली होती, कारण कारखान्याच्या जाकिटाची झडती कोण घेते? मी जाकीट कसं काढलं ते मला माहीत नाही. जोरात भिरकावलं. त्या प्राण्याने वळून झडप घातली आणि माझं जाकीट, चमकत्या पट्ट्यांसकट, मुळांमध्ये ओढत नेलं.

"गोह है, गोह!" फळी घेऊन धावत आलेला गार्ड हसत म्हणाला. "घोरपड़. आदमी को कुछ नहीं करती. मछली सूँघ के आई थी."

फळीवरून आणि ओढणीने मला ओढून काढलं. एक गमबूट चिखलातच राहिला. नीलकंठरावांचं भाकीत अर्धं खरं ठरलं: बूट गेला, पाय राहिला.

परतीच्या नावेत मी चिखलाचा पुतळा होऊन बसलो होतो. नवी नवरी आता हसत होती. तिच्या नवऱ्याने सगळं मोबाईलमध्ये घेतलं होतं. आई पुटपुटत होती, "चांगल्या झिंग्याची होती." रीना माझ्या पाठीवरचा चिखल ओढणीने पुसत होती.

साक्षी शेजारी येऊन बसली. मी तिच्याकडे पाहू शकत नव्हतो.

"मी हात सोडला तुझा," मी म्हणालो.

"हाँ. सीटी बजी ना."

"तुले भीती नाही वाटली? मी रुतलो तेव्हा?"

"थोड़ी. पर आपने सिखाया था ना."

"मग सायकल? पोहणं? झुला? ते काहून नाही म्हणते?"

ती पाण्याकडे वळली. काठावर एक ओंडका होता, किंवा नव्हता.

"मैं झूले पे चढ़ती हूँ तो आप नीचे ऐसे खड़े रहते हो." तिने दोन्ही हात पुढे केले, मान आत ओढली, डोळे मोठे केले, आणि तोंडावर ते माझं हसू आणलं. गाडीत रात्रभर सराव केलेलं. हुबेहूब होतं. "आपको इतना डर लगता है. तो मैं बोल देती हूँ, मुझे डर लगता है. फिर आपको नहीं लगता."

चिखलाचा एक फायदा असतो; चेहरा दिसत नाही.

रायपूरला परतल्यावर आम्ही सायकल घेतली. साक्षीने नियम घालून दिला: ती चालवेल तेव्हा मी कडुलिंबाखाली असेंब्ली पॉइंटला उभं राहायचं, तोंड भिंतीकडे करून. वळायचं नाही, हात पुढे करायचे नाहीत. प्रत्येक फेरीला ती घंटी वाजवेल. वाजली की समजायचं, सारं ठीक आहे. नीलकंठराव बाल्कनीतून विचारतात, "भाऊ, काहून उभे आहा असे? शाळेत शिक्षा झाली काय?" मी हव म्हणतो.

आजही उभा आहे. मागच्या फेरीची घंटी वाजून बराच वेळ झाला. मान वळायला बघते. मी भिंतीच्या पोपड्यांकडे पाहत राहतो.

वाजली.